गोळीची स्वप्नं

"आज स्वप्नात काय म्हणाले?" नाडी बघता बघता डॉक्टर मुनव्वरनं विचारलं.

"खिडकी लाव म्हणाले, वारा लागतोय," बीबीसोरा म्हणाली. "मेल्यावरही हुकूम थांबत नाहीत बघ, पोरी."

मुनव्वर हसली. बीबीसोराच्या अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्या होत्या. तरुणपणी डोंगरातल्या तिच्या गावात घरोघरी कावीळ शिरली होती. त्या काविळीनंच पुढं तिचं यकृत खाल्लं. शीर फुटली की रक्ताची उलटी, मग कुणाच्या हातात काही नाही. ताश्कंदच्या या दवाखान्यात नव्या गोळीचा अभ्यास चालला होता. अन्ननलिकेचं खालचं तोंड आवळलं तर शिरांवरचा भार उतरेल, असा कयास. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना नुसती पिठाची. कुणाला कोणती, ते मुनव्वरलाही ठाऊक नव्हतं.

"या औषधानं स्वप्नं ठसठशीत पडतात, मावशी. तुम्हाला खरीच मिळत असणार."

बीबीसोराला शिरांचं फारसं काही वाटत नव्हतं. भिंतीला पाठ लावून ती निजायची. पहाटे डोळ्यांवर धुकं असतानाच स्वप्नातल्या जर्दाळूच्या पांढऱ्या फुलोऱ्यातून नवऱ्याचा, एशमुरादचा आवाज यायचा. 'सोरा, चहा निवला.' 'सोरा, उशी वर कर.' तिला सोरा म्हणणारा तो एकटाच. ऐन तिशीत मेंढरं घेऊन तो पुराच्या नदीत उतरला, पुन्हा दिसला नाही. देहही सापडला नाही. तिनं दुसरा संसार मांडला नाही. आता दिवसभर ती पहाटेची वाट बघे आणि गोळी खडीसाखरेसारखी जिभेवर ठेवी.

अभ्यास संपला. मुनव्वर पलंगाशी येऊन बसली.

"मावशी, तुमची गोळी पिठाची निघाली. पण खऱ्या गोळीचा गुण दिसलाय. आता तुम्हालाही ती सुरू करू."

बीबीसोरानं भिंतीला पाठ टेकली.

"म्हणजे ते आपणहून येत होते," ती हळूच म्हणाली.

तिला अगदी हलकं वाटलं. रुमाल नीट बांधून, किटली घेऊन ती गरम पाण्याला निघाली. तिच्या भिंतीपलीकडच्या पुरुषांच्या खोलीचं दार आज उघडं होतं. पलंगावर एक म्हातारा पाठमोरा बसला होता.

"सोरा, माझी टोपी कुठं ठेवलीस?"

तो वळला. गाल बसले होते, दाढी पांढरी झाली होती. पण एशमुरादच.

बीबीसोरानं तोंड उघडलं. त्याआधीच खोलीतून विशीतल्या पोरीचा आवाज आला, "ही काय बाबा, तुमच्या उशाशीच."