डाव्या कोपऱ्यातलं चित्र

"टॅब सुरू होताना कंपनीच्या नावावरच अडकतोय, पुढे जात नाही. सॉफ्टवेअर नव्याने मारावं लागेल. आतलं सगळं पुसलं जाईल," दुरुस्तीच्या दुकानात रोज म्हणतो तसं मी म्हणालो.

टॅब घेऊन आलेल्या बाईंनी शेजारी उभ्या आपल्या मुलीचा हात धरला. "हिला बोलता येत नाही. चित्रावर बोट ठेवलं, की टॅब माझ्या आवाजात बोलतो. भूक, पाणी, पोट दुखतंय. दोन वर्षं एकेक चित्र भरलंय हो मी."

"मग नेटवर दुसरीकडे साठवलं असेल ना?"

"नेट मीच बंद ठेवलं होतं. कार्टून बघत बसते म्हणून."

एरवी अशा गिऱ्हाइकावर मी चिडतो. त्या दिवशी दोन तास खटपट केली. चित्रं काही निघाली नाहीत. शेवटी बाईंनी मान डोलावली आणि मी सॉफ्टवेअर मारलं.

टॅब सुरू झाला. मुलीने तो हिसकावूनच घेतला आणि कोऱ्या पडद्याच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. पुन्हा ठेवलं. मग दाबतच सुटली.

"तिथे काय होतं?"

"माझा फोटो," बाई म्हणाल्या. मग वाकून तिच्या कानाशी हलकेच म्हणाल्या, "आई."

मुलीने टॅब उचलून कानाला लावला.