चार खोल्यांतले अण्णा

रविवारी विभाने वडिलांकडे, अण्णांकडे, फोनला रिसीव्हर नावाचं बोलणारं यंत्र बसवलं आणि चारही खोल्यांतले स्पीकर त्याला जोडले. यंत्राला आपला आवाज शिकवायला अण्णांनी प्रत्येक खोलीत उभं राहून तीच उत्तरं दिली: जेवलो, गोळी घेतली, मी ठीक आहे. त्यांनी फोन उचलला नाही, तर आता रिसीव्हर त्यांना खोल्यांतून विचारून त्यांच्याच आवाजात उत्तर देणार होता.

"बाथरूममध्येही एक लावू?"

"नको गं. तिथे तरी मला बेसूर गाऊ दे."

मंगळवारी विभाने तीनदा फोन केला. तिन्ही वेळा अण्णा जेवले होते, ठीक होते. बुधवारी शेजारच्या काळसेकरांनी बाथरूमचं दार तोडलं. डॉक्टर म्हणाले, मंगळवारी सकाळी पडले असावेत, दुपारपर्यंत जीव होता.

तेराव्यानंतर तिने कंपनीला फोन लावला. "मॅडम, उत्तर नेहमीचंच असेल तर यंत्र ते न विचारता स्वतःच देतं," तिकडचा माणूस शांतपणे म्हणाला. तिने फोन आपटला. तिला त्या माणसाचा राग आला, यंत्राचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या नेहमीच्या उत्तराचा आला.

अण्णांच्या घरी रिसीव्हरची वायर उपटण्याआधी तिने विचारलं, "अण्णा, कसे आहात?"

"मी ठीक आहे," चारही खोल्यांतून अण्णा म्हणाले.

"खोटं," विभा म्हणाली. "आई गेल्यापासून खोटं बोलताय. मला कळत होतं, अण्णा. फोन लवकर ठेवता यावा म्हणून मी ते खरं मानत होते."