दहातला पहिला

बाई सरळ जाऊन लहान मुलांच्या रांगेत शेवटी उभ्या राहिल्या, तेव्हा कुंपणाशी थांबलेल्या त्यांच्या लेकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बासष्ट वर्षांच्या बाई. अर्ध्या शहराला बेसबॉल आणि सॉफ्टबॉल शिकवलेल्या. आणि पुढे उभी कोण, तर कालपरवा बॉल धरायला शिकलेली चिल्लीपिल्ली.

अर्धांगाच्या झटक्याने उजवी बाजू गेली त्याला पाच महिने झाले होते. पाय जरा तरी सावरला, हात मात्र जॅकेटच्या खिशात पडून असायचा. डॉक्टर म्हणाले, घरी बसा. बाई कसल्या ऐकतात. शेवटी मायलेकींचं ठरलं: डाव्या हाताने एका फेकीत बॉल लाल डब्यापर्यंत गेला, तर मैदान चालू. नाही गेला, तर गळ्यातली शिट्टी लेकीच्या हातात द्यायची आणि मुकाट घरी चालायचं.

डबा होता बारा पावलांवर. याच बाई एके काळी क्रिकेटमधल्या स्टंपरसारख्या उकिडव्या बसून, न उठता, दुसऱ्या बेसवर बॉल पोचवायच्या. त्या बेसकडे पळणारी पोरगी, आता बाद झालोच म्हणून, वाटेतच कपाळाला हात लावायची.

आधी शिकलेल्याने मागच्याला शिकवायचं, ही इथली रीत बाईंनीच घालून दिलेली. त्यांच्या पुढे होती बोळकी. वय सात, समोरचे दोन दात पडलेले, अनुभव तीन आठवड्यांचा.

"कोपर खांद्याच्या वर," बाईंची पाळी येताच बोळकी म्हणाली. "आणि डब्याकडे बघा. माझ्याकडे काय बघताय?"

"चुकलं," बाई म्हणाल्या.

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. बोळकीने वळून असं पाहिलं, की हसणाऱ्याने बुटाची नाडी बांधायला घेतली.

बाईंनी शिट्टी फुंकली आणि बॉल सोडला. तो भलतीकडेच गेला, चार पावलांवर पडला आणि गवतात जाऊन थांबला.

बाईंना आता जमणार नाही, हे लेकीचं म्हणणं खरं ठरलं होतं. तरी तिची नजर गवतातल्या बॉलवरून हटेना. बाई पाय ओढत कुंपणापाशी आल्या, एका हाताने दोरी गळ्यातून काढली आणि शिट्टी तिच्या तळहातावर ठेवली.

"चल," त्या म्हणाल्या. "शब्द म्हणजे शब्द."

"कुठे निघालात?" मागून बोळकीचा आवाज आला. "दहा झाल्याशिवाय रांग सोडायची नाही. तुमचा एकच झालाय."

"अगं, आमचं ठरलंय तसं."

"पहिला कुणाचाच जात नाही. माझा तर मागे गेला होता."

काहीतरी करायचं म्हणून लेक गवतातला बॉल आणायला निघाली.

"तुम्ही नाही, ताई," बोळकी म्हणाली. "ज्याचा बॉल त्यानेच आणायचा."

बाईंनी लेकीकडे पाहिलं. लेक जागेवर थांबली. बाई गवतापर्यंत गेल्या, वाकल्या, बॉल उचलून सावकाश परत आल्या. सगळी रांग थांबून होती. जागेवर उभं राहून बाईंनी डावं कोपर, कुणी सांगायच्या आतच, खांद्याच्या वर नेलं.

आणि तशाच थांबल्या. शिट्टीशिवाय या मैदानावर कुणी बॉल फेकत नसे.

सगळी रांग लेकीकडे बघायला लागली. तिने ओढणीच्या टोकाने डोळे पुसले, मग शिट्टी पुसली आणि ओठांत धरली.