उतरलेली ढोलकी

"काका, तुमची ढोलकी आज जरा चढलीय का हो?"

रेवतीने गाणं मध्येच थांबवून विचारलं. दिल्लीतल्या मयूर विहारच्या त्या सोसायटी हॉलमध्ये गणपतीच्या कार्यक्रमाची तालीम चालू होती. आणि हे विचारलं कुणाला, तर हणमंतकाकांना! अहो, पस्तीस वर्षं मंडळाच्या गणपतीत त्यांचीच ढोलकी वाजतेय. सरकारी नोकरीत दोनदा बढती हुकली, त्याचं त्यांनी काही वाटून घेतलं नाही, पण उतरलेल्या ढोलकीवर कधी थाप मारली नाही. काकांचा कान म्हणजे कान, असं जुने लोक म्हणायचे. ते जुने लोक आता कुणी पुण्याला परत गेले, कुणी मुलांकडे राहायला गेले. हॉलमधले चेहरे बहुतेक नवे होते. रेवतीला तर दिल्लीत येऊन वर्षही झालं नव्हतं.

"सुरातच आहे गं," काका म्हणाले. सकाळभर गच्चीवर ऊन दाखवून त्यांनी ती लावली होती.

"असेल हो. पण माझ्या कानात तुमची ती रेकॉर्डवाली बसलीय ना! सहा महिने तिच्यावरच रियाज केलाय. ती बिल्कुल मऊ लागते. ही टोचतेय." मग ती सगळ्यांकडे वळली. "तुम्हाला माहीत नाही? काकांची ढोलकी जगभर गेलीय. आणि ती रेकॉर्ड करणारी ही बघा, त्यांची पुतणी, तनया!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोपऱ्यात बसलेल्या तनयाला मात्र धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. कारण खरी गोष्ट फक्त तिला आणि काकांना ठाऊक होती.

गेल्या वर्षीच्या ऑगस्टमधली. तनया गुरुग्रामला जाहिरातींचं संगीत करते. ढोलकीची एकेक थाप सुटी रेकॉर्ड करायची, कॉम्प्युटरवर घालायची, मग ज्याला हवी त्याने बटण दाबून ती आपल्या गाण्यात वाजवायची, असा तिचा बेत होता. मित्राकडून भारी माइक एका दिवसासाठी मागून आणला होता. आणि नेमकी त्या दिवशी हवा अशी ओली की भिंतींनाही घाम सुटलेला. काकांनी ढोलकीवर बोट मारलं आणि मान हलवली.

"सादळलीय, तनू."

"म्हणजे?"

"कातड्याने ओल धरलीय. सूर उतरलाय. चार दिवसांनी ये, ऊन पडू दे."

"काका यार, माइक आजच परत द्यायचाय. तुम्ही वाजवा ना. सूर मी कॉम्प्युटरवर चढवते."

लाडक्या पुतणीला नाही म्हणायचं काकांच्या जिवावर आलं. तिथेच चुकलं बघा. तीन तास ते एकेक थाप मारत राहिले. घरी जाऊन तनयाने सूर चढवून पाहिला, तर पत्र्याचा डबा बडवल्यासारखा लागला. मग तिने तो होता तसाच ठेवला. कुणाला कळणार आहे, म्हणाली. वर मोठ्या प्रेमाने 'हणमंतकाकांची ढोलकी' असं नाव दिलं आणि इंटरनेटवर फुकट वाटून टाकली.

खरंच कुणाला कळलं नाही. उलट लोकांना तो बसका आवाजच आवडला. चाळीस हजार जणांनी डाउनलोड केला. लग्नांच्या रील्समध्ये तो, बिस्किटाच्या जाहिरातीत तो, देवीच्या गाण्यात तो. एकदा काकांच्या घरी चहा चालू असताना टीव्हीवर वाजला. काकांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "माझं नाव तेवढं काढता येईल का गं?"

"आता कसं काढू, काका? सगळीकडे गेलंय."

"बरं."

पुन्हा त्यांनी विषय काढला नाही. चलो, विसरले, असं तनयाने स्वतःला सांगितलं. आपल्या सोयीचं असलं की माणूस काय वाटेल ते स्वतःला सांगतो.

आणि आत्ता हॉलमध्ये काका तिच्याकडे बघत होते. रागाने नाही. नुसती वाट बघत होते. एक वाक्य पुरे होतं. रेवतीताई, काकांची खरी ढोलकी हीच, ती सादळलेली होती, चूक माझी. तनयाने तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात शेजारच्या बाईंनी तिच्या पाठीवर थाप मारली. "काय गुणाची पोर आहे! काकांचं केवढं नाव केलंस!" सगळे कौतुकाने बघत होते. तनया ओशाळं हसली आणि मान खाली घालून बसली. त्या हसण्यासाठी पुढे कितीदा तरी तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं, पण गेली ती वेळ गेलीच.

काकांनी क्षणभर वाट पाहिली. मग ढोलकी मांडीवर आडवी घेतली. "नव्या माणसांच्या कानाला बरं वाटेल तसं करू," एवढंच म्हणाले. दोरीतल्या कड्या त्यांनी एकेक करून मागे सारल्या. बोट मारून पाहिलं, आवाज अजून खणखणीत होता. आणखी सारल्या. तनयाला ऐकवेना. शेवटी कातडं ढिलं पडलं. काकांनी डोळे मिटून एक थाप मारली, ठप्प.

"हां!" रेवती खूश होऊन म्हणाली. "आता कशी अस्सल हणमंतकाकांची ढोलकी वाटली!"