दरीतली शीळ

चौथ्या कार्डावरही कुरव पक्ष्यांच्या कलकलाटाखेरीज काही नव्हतं.

हृषिकेशने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. एर्लांगेन शहरावर सकाळपासून राखाडी आभाळ दाटलं होतं. नाना, म्हणजे त्याचे सासरे श्यामकांत, चहाचा कप घेऊन दारात उभे होते.

“काही?”

“नाही नाना. आता एकच उरलंय.”

“पुरे करा हो. कुठवर ऐकत बसणार?”

अटलांटिकच्या मध्यावर, जवळपास काहीच नसलेल्या एका इवल्याशा बेटांच्या देशात एक कस्तूर पक्षी होता. काळा, लाजरा, जगात दुसरीकडे कुठेच न सापडणारा. समुद्राकडे उघडणाऱ्या एकाच दरीत तो राहायचा. मुक्ता, नानांची मुलगी आणि हृषिकेशची बायको, इथल्या युनिव्हर्सिटीतून कित्येक वर्षं त्याच्या मागावर होती. सुरुवातीला तिने तो पाहिला. पुढे नुसता ऐकला. मग तेही थांबलं. आता त्या दरीत दगडाची खाण व्हायची होती. कस्तूर जिवंत असल्याचा पुरावा मिळाला तरच तिथलं सरकार थांबणार होतं.

गेल्या वर्षी एका सहकाऱ्याने ‘बहुधा ऐकला’ असं लिहिलं, तेव्हा मुक्तानेच ते खोडलं होतं. “बहुधा नावाचा पक्षी नसतो,” ती म्हणाली आणि अहवालात ‘आढळला नाही’ लिहून सही केली. त्या दिवशी ती जेवली नव्हती.

शेवटची खेप तिने डॉक्टरांचं न ऐकता केली. दरीतल्या झाडांवर आवाज टिपणारी यंत्रं बांधून ती परतली, ती थेट हॉस्पिटलमध्येच. फेब्रुवारीत गेली. यंत्रं मात्र तिकडे वाऱ्यापावसात चालूच राहिली.

त्यांतली कार्डं मागच्या आठवड्यात आली. मुक्ताची सहकारी योहाना ती घेऊन स्वतः घरी आली होती.

“आधी हृषीनेच ऐकायची, असं मुक्ताने बजावलं होतं,” ती म्हणाली.

ते साहजिकच होतं. हृषिकेश स्कॅनिंगच्या मशीनसाठी सॉफ्टवेअर लिहायचा. समुद्रपक्ष्यांचा गोंगाट गाळून उरलेल्या आवाजावर खूण करणारा प्रोग्रॅम त्यानेच तिला करून दिला होता.

पाचव्या कार्डावर अगदी सुरुवातीलाच लाल खूण उमटली.

त्याने ऐकलं. परत ऐकलं. वर चढत जाणारी, शेवटी किंचित वळणारी शीळ. थोडं थांबून पुन्हा तीच. मुक्ताच्या जुन्या रेकॉर्डिंगमुळे ती त्याला झोपेतही ओळखू आली असती.

त्याने योहानाला फोन लावला आणि शीळ ऐकवली.  पलीकडे ती रडायलाच लागली.

“गेनाऊ, अगदी तोच! हृषी, तिथल्या सरकारची बैठक आज दुपारी आहे. लगेच पाठव.”

“पाठवतो.”

फोन ठेवल्यावर त्याचं लक्ष तारखेकडे गेलं. तो खुर्चीत मागे टेकला.

“काय झालं?” नानांनी विचारलं.

“मुक्ता तेव्हा तिथेच होती, नाना. त्याच दरीत. तो गात होता आणि तिला कळलंही नाही. रिकाम्या हाताने आली, आणि तशीच गेली.”

 कप खिडकीत ठेवून नानांनी खुर्ची जवळ ओढली.

“मला ऐकवा,” ते म्हणाले. “तिच्या वाटचं मी ऐकतो. सगळं लावा.”

हृषिकेशने स्पीकर लावला. वारा. कुरव. मग पहिली शीळ, लख्ख, अगदी कानाशी आल्यासारखी. नानांनी डोळे मिटले. दुसरी. प्रोग्रॅमची खूण तिथेच संपत होती, पण त्याने आवाज बंद केला नाही. तिसरी शीळ सुरू झाली, वर चढता चढता फाटली आणि खोकल्यात बुडाली.

“छे, ही नाही जमली,” मुक्ताचा धापा टाकणारा आवाज आला. “हृषी, पहिल्या दोनच ठेव. बाकीचं कापून पाठव योहानाला.”