हिरव्या शेंगा

पहिला तडाखा पाठीवर बसला तेव्हा तिच्या दोन्ही हातांत घेवड्याचा वेल होता. तिने तो सोडला नाही.

"सोड म्हणतोय ना!" नवरा ओरडला. त्याला परसातला मांडव आजच्या आज उपटायचा होता. का, तर त्याच्या नव्या मोटारसायकलला तिथे शेड ठोकायची होती. आणि वेल अजून हिरवेगार, शेंगांत दाणा जेमतेम धरलेला. वाळवणाच्या घेवड्याला घाई चालत नाही. शेंग वेलावरच वाळू द्यायची, खुळखुळली की तोडून पोत्यात भरायची आणि वरून काठीने झोडायची. हे सगळं तिला भिंतीपलीकडच्या काकूंनी शिकवलं होतं. बीसुद्धा त्यांचंच. "पोत्याचं तोंड आधी बांध गं बाई," त्या दर वेळी बजावायच्या, "नाहीतर सगळं उडून जातं."

झोडायची ती काठी मात्र वर्षभर नवऱ्याच्याच हातात. कधी मीठ जास्त झालं म्हणून, कधी काहीच झालं नाही म्हणून. आवाज ऐकून भिंतीवर काकूंचं डोकं आलं की हा साळसूदपणे म्हणायचा, "काही नाही काकू, शेंगा झोडतोय." काकू मुकाट्याने आत जायच्या. मग त्यांचा रेडिओ मोठा व्हायचा. त्या रेडिओचा तिला काठीपेक्षा जास्त राग यायचा. म्हातारी बहिरी तरी आहे नाहीतर बिनकाळजाची, असं ती मनाशी म्हणायची.

दुसरा तडाखा दंडावर, तिसरा तोंडावर. डोळ्यांपुढे काजवे चमकले. काठी टाकून तो ओणवा झाला आणि वेल मुळापासून खेचू लागला. एक वेल कचकन तुटला. कोवळ्या शेंगा खाली पडल्या आणि त्यांवर त्याचा बूट पडला.

तिचं डोकं फिरलं. शेजारी रिकामं पोतं होतं. ते तिने मागून त्याच्या डोक्यावरून ओढलं ते थेट कमरेपर्यंत. तो धडपडला, मांडवाच्या दोऱ्यांत पाय अडकून तोंडावर आपटला. काठी आता तिच्या हातात होती. तिने मागचापुढचा विचार केला नाही. पाठ, खांदे, ढुंगण, जिथे बसेल तिथे.

"काकू! अहो काकू, वाचवा!" पोतं बोंबललं.

भिंतीवर डोकं आलं. तिचा हात थांबला. पोतं वर सरकत होतं, त्याची कोपरं बाहेर आली होती. हा सुटला तर आज आपण जिवंत राहत नाही, हे तिला लख्ख कळलं.

"काय चाललंय गं?" काकूंनी विचारलं.

तिच्या ओठातून रक्त गळत होतं. "काही नाही काकू," ती म्हणाली. "शेंगा झोडतेय."

काकूंनी मांडवाकडे पाहिलं. वाळलेली शेंग औषधालाही नव्हती. मग त्यांनी पोत्याकडे पाहिलं आणि त्या दिसेनाशा झाल्या. एक सुतळीचा गुंडा भिंतीवरून येऊन तिच्या पायाशी पडला.

"तोंड आधी बांध," पलीकडून आवाज आला. "किती वेळा सांगायचं?"

आणि काकूंचा रेडिओ लागला, नेहमीपेक्षा मोठा.