पोरकट सिनेमा

तुळशीराम वाण्याने भर बाजारात वाट अडवून विचारले, "समदशेठ, आजपण त्याच पोरकट सिनेमाला?"

अब्दुस्समद सुपारीवाले नुसते हसले. श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर तंबू पडला होता आणि त्यात एक दिवसाआड दोन सिनेमे चालत, दोन्ही मुके. एक गडावरच्या लढायांचा. त्याला सारा गाव लोटे. दुसऱ्यात कॉलेजातली टवाळ पोरे खाणावळवाल्याचे लाडू चोरत. साठी उलटलेला, एक नमाज न चुकवणारा माणूस लढाई एकदाच पाहतो आणि लाडवांना मात्र पुन्हा पुन्हा जातो, हे कोडे काही केल्या बाजारपेठेला सुटेना. म्हातारचळ, असे म्हणून लोकांनी ते मिटवले.

खरे कारण घरात बायकोला, जैबुन्निसाला, तेवढे ठाऊक होते. लाडू चोरणाऱ्यांतला एक पोर अब्दुस्समदना मुश्ताक वाटत होता. त्यांचा एकुलता एक, डावखुरा मुश्ताक. डाव्या हाताने जेवतो म्हणून त्यांनी त्याला भरल्या ताटावरून उठवले, आणि तो उपाशीच मुंबईला पळाला. त्याला आता सहा वर्षे झाली होती. पडद्यावरच्या पोराला मिशी होती, तोंडाला रंग होता. पण लाडू तो डाव्याच हाताने खात होता. तो हात बघून अब्दुस्समद पहिल्या दिवशी तंबूत रडले होते.

तंबूवाला म्हणाला होता की सिनेमात कामे केलेली ती पोरे नाटकमंडळीबरोबर शनिवारी रंगूनच्या जहाजात बसणार. परत कधी येतील, नेम नाही. शुक्रवारची आगबोट धरली तरच मुंबईत गाठ पडणार होती.

म्हणून आज त्यांनी जैबुन्निसालाही बरोबर घेतले होते. आईची नजर फसत नाही.

पुरुष पडद्यापुढे वाळूत बसत. बायकांची सोय पडद्याच्या मागे. कापड पाणी मारून भिजवले की चित्र तिकडूनही स्वच्छ दिसे. लाडू आले, पोराचा डावा हात तोंडाशी गेला आणि अब्दुस्समद भान विसरून उठून उभे राहिले. मागच्यांनी त्यांना ओढून खाली बसवले.

परतून दारात आल्यावर जैबुन्निसा म्हणाली, "तो आपला न्हाय. तोंड जरा मिळतं. पण तो उजव्या हातानं खातो."

"मी डावा पाहिला."

"मी डोळे फाडून बघत व्हते. उजवाच."

अब्दुस्समदना काही उमगेना. पाहिले ते खोटे कसे म्हणावे? पण बायको तरी खोटे का बोलेल? म्हातारे डोळे, त्यात मनाला लागलेली टोचणी. मनानेच डावा हात दाखवला असेल. शेवटी आईपुढे बापाने काय वाद घालायचा?

शुक्रवारी आगबोटीचा भोंगा झाला तेव्हा बांधलेली पेटी ओटीवरच होती. बोट नजरेआड होईपर्यंत ते बसून राहिले. मग त्यांनी अडकित्ता हातात घेतला.

त्यांचे मन दुसरीकडे वळावे म्हणून जैबुन्निसा सिनेमाचेच बोलू लागली. सारा गाव त्या लढाईच्या सिनेमाला नावाजतो. शेजारणींनी तिलाही पहिल्याच दिवशी त्याला नेले होते.

"मला तर लाडवांचाच बरा वाटला, हसू तरी येतं," ती म्हणाली. "लढाई कसली ती? दोन्हीकडचे शिपाई एकजात डाव्या हातानं तलवारी चालवत व्हते."

अब्दुस्समदनी तीच लढाई पडद्यापुढून पाहिली होती, आणि तिथे सगळ्या तलवारी उजव्या हातात होत्या.